‘किती घेतली तर चालेल?’ : व्हिटॅमिन ई आणि २००५ चा एक गाजलेला पेपर

दिवाळीत आत्याने पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली आणि विचारलं, "अगं, तुझी पीएचडी यातलीच ना? मग सांग, ही किती घेतली तर चालेल?" पट्टी व्हिटॅमिन ईची, ४०० ची. रात्री पायात गोळे येतात म्हणून शेजारणीने सुचवलेली, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली. आत्याला मधुमेह आहे, हृदयाची एक झडप बदललेली आहे आणि रक्त पातळ राहावं म्हणून ती वॉर्फरिन घेते. मी मोबाईलवर एका पेपरचा सारांश उघडला, त्यातला एक आकडा पाहिला आणि म्हटलं, "४०० च्या खाली घे, मग काही नाही."

उत्तर चुकीचं होतं. नेमकं कुठे चुकलं ते सविस्तर सांगते, कारण पेपर वाचायला नुकतीच सुरुवात केली असेल तर तुम्हीही हीच चूक करण्याची दाट शक्यता आहे.

तो पेपर म्हणजे एडगर मिलर आणि सहकाऱ्यांचं मेटा-ॲनालिसिस, ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये २००५ साली आलेलं. त्यांनी १९ ट्रायल एकत्र केल्या, एकूण १,३५,९६७ माणसं. दिवसाला ४०० आययू किंवा जास्त म्हणजे ‘मोठा डोस’, त्याखाली ‘लहान डोस’ अशी विभागणी केली. मोठ्या डोसच्या ११ पैकी ९ ट्रायलमध्ये मृत्यू वाढण्याकडे कल दिसला. एकत्रित हिशोब असा: दर १०,००० माणसांमागे ३९ जास्त मृत्यू. लहान डोसमध्ये तशी वाढ दिसली नाही. बातम्या झाल्या, लोक घाबरले.

आता आपण हा पेपर हळू वाचू.

पहिली गोष्ट, ३९ हा आकडा एकटा वाचू नका. त्याच्याबरोबर ३ ते ७४ असा विश्वासांतर दिलेला आहे. म्हणजे साधारण ३,३०० माणसांमागे एक जास्त मृत्यू इथपासून १३५ माणसांमागे एक इथपर्यंत काहीही खरं असू शकतं. शिवाय हे ३९ किती वर्षांत? ट्रायल वेगवेगळ्या काळ चाललेल्या आहेत आणि वर्ष-दीड वर्षाची जोखीम नि सात-आठ वर्षांची जोखीम एकाच टोपलीत टाकली तर येणाऱ्या बेरजेला कालावधीच उरत नाही. ‘दर १०,००० मागे’ असं वाचलं की लगेच समासात लिहा: किती काळात?

दुसरी गोष्ट, माझी चूक. ४०० ही सीमा लेखकांनी वर्गवारीसाठी आखलेली रेघ आहे. ती शरीरातली रेघ नाही. याच पेपरात डोस सलग धरून केलेलं विश्लेषणही आहे आणि त्यात जोखीम १५० आययूच्या पुढेच चढायला लागते. लेखक स्वतः सांगतात की नेमका उंबरठा ठरवणं कठीण आहे. म्हणजे मी आत्याला जे ‘४०० च्या खाली’ सांगितलं त्याला या पेपराचाही आधार नव्हता!

तिसरी गोष्ट, कोणत्या ट्रायल आत आल्या? दहापेक्षा कमी मृत्यू झालेल्या ट्रायल वगळल्या होत्या, यावर तेव्हाच टीका झाली. मोठ्या डोसच्या गटातली सगळ्यात मोठी ट्रायल ब्रिटनमधली हार्ट प्रोटेक्शन स्टडी. तिच्यात व्हिटॅमिन ईसोबत व्हिटॅमिन सी आणि बीटा-कॅरोटीनही दिलं होतं. मग जे काही दिसलं ते एकट्या ईच्या खात्यावर कसं टाकायचं?

चौथी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मोठ्या डोसच्या ट्रायल बहुतेक लहान होत्या आणि आजारी माणसांवर झालेल्या होत्या: हृदयरोग, पार्किन्सन, अल्झायमर. लेखकांनी ही मर्यादा सारांशातच कबूल केली आहे आणि निरोगी माणसांना हा निष्कर्ष लागू होईलच असं नाही, असं म्हटलं आहे. टीकाकारांनीही हाच मुद्दा धरला. पण बघा, ही ‘मर्यादा’ कोणाच्या बाजूने बोलते? निरोगी वाचकाला ती दिलासा देते. आत्यासारख्या दीर्घ आजारी माणसाला मात्र ती सांगते की ही माहिती मुख्यतः तुमच्यासारख्यांचीच आहे. पेपराची मर्यादा वाचताना ‘माझा माणूस मर्यादेच्या कोणत्या बाजूला आहे?’ हे विचारायचं, हे मला उशिरा कळलं.

पुढे २०११ मध्ये ॲबनर आणि सहकाऱ्यांनी ५७ ट्रायल, २,४६,३७१ माणसं एकत्र केली. मृत्यूचं सापेक्ष प्रमाण आलं १.००, म्हणजे फरक नाही. मग मिलर चुकले, आत्याने खुशाल घ्यावी? तेही नाही. सरासरी शून्य येते तेव्हा कोणाला फायदा आणि कोणाला तोटा होऊन बेरीज शून्य झालेली असू शकते.

आणि ‘दीर्घ आजार’ हा एक आजार नाहीच. होप ट्रायलच्या लांबवलेल्या भागात (२००५) हृदयरोगी आणि मधुमेही लोकांना ४०० आययू दिलं. सुमारे सात वर्षांनी कर्करोग किंवा हृदयविकाराच्या मोठ्या घटना कमी झाल्या नाहीत. उलट हार्ट फेल्युअरची जोखीम १३ टक्क्यांनी वाढली. दुसरीकडे २०१० च्या पिव्हेन्स ट्रायलमध्ये, मधुमेह नसलेल्या पण यकृतात चरबी साठून दाह झालेल्या लोकांना रोज ८०० आययू ९६ आठवडे दिलं. ४३ टक्क्यांचं यकृत सुधारलं, प्लासिबोवर १९ टक्क्यांचं. डोस दुप्पट आणि तरी निकाल चांगला. पण ‘मधुमेह नसलेले’ हे दोन शब्द गाळून हा निकाल सांगितला तर तो आत्यासाठी उपयोगाचा नाही.

मग सरकारी कमाल मर्यादा? अमेरिकेत ती दिवसाला १,००० मिलिग्रॅम आहे, युरोपात ३००. दोन्हींच्या मुळाशी रक्तस्रावाचीच काळजी. अमेरिकेचा आकडा उंदरांवरच्या प्रयोगांतून काढला, युरोपचा माणसांवरच्या एका छोट्या अभ्यासातून. पुरावा बदलला की ‘सुरक्षित’ तिपटीहून जास्त बदलतं. त्यातही २०२४ मध्ये युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने स्पष्ट लिहिलं की ही मर्यादा रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांना लागू नाही. म्हणजे आत्या ज्या रांगेत उभी आहे, त्या रांगेसाठी तो आकडा काढलेलाच नाही.

एककाचा घोळही लक्षात ठेवा. नैसर्गिक व्हिटॅमिन ईचे ४०० आययू म्हणजे साधारण २६८ मिलिग्रॅम. कृत्रिम टोकोफेरिल ॲसिटेटचे ४०० आययू म्हणजे ४०० मिलिग्रॅम. पट्टीवरचा, पेपरातला आणि सरकारी मर्यादेतला ‘४००’ एकच आहे असं धरून चालू नका.

मग मिलरांचा पेपर वाईट आहे का? मला तसं वाटत नाही. ‘जीवनसत्त्वच तर आहे, काय होणार’ या समजुतीला त्यांनी हिशोबाने धक्का दिला आणि स्वतःच्या मर्यादा लपवल्या नाहीत. दोष त्याच्या वापरात आहे. लोकसंख्येच्या सरासरीचा प्रश्न विचारणाऱ्या पेपराकडून मी एका माणसाच्या डोसचं उत्तर काढलं. पेपर वाचताना वहीत चार रकाने पाडा: कोणाला, कोणत्या रूपात किती, किती काळ, सोबत कोणती औषधं. यातला एकही रकाना रिकामा असेल तर ‘सुरक्षित डोस’ हा शब्द लिहू नका.

भाऊबीज झाल्यावर मी आत्याला फोन केला. म्हटलं, "आत्या, मी तुला चुकीचं सांगितलं. गोळी सध्या थांबव, आणि पट्टी घेऊन तुझ्या डॉक्टरांना दाखव." डॉक्टरांनी गोळी बंदच ठेवायला सांगितली, रक्ताची तपासणी लवकर करून घेतली आणि पायातल्या गोळ्यांसाठी वेगळी तपासणी सुरू केली. आत्या म्हणाली, "पीएचडीवाल्यांनाही चुका होतात म्हणजे!" होतात. म्हणून तर पद्धतीचा भाग पूर्ण वाचायचा, सारांशावर थांबायचं नाही.