रिकाम्या गादीभोवतीची मेजवानी

साहित्याच्या कोणत्याही प्रस्थापित प्रकारात न बसणारे एक बारा पानी टिपण अलीकडे माझ्याकडे अभिप्रायासाठी आले. लिहिणारा सांगलीस राहणारा माझा भाचा. वय वर्षे एकवीस. तो व त्याचे चारपाच मित्र दर रविवारी सायंकाळी एक खेळ खेळतात. एकाने सूत्रधार व्हावयाचे, कल्पनेतील एखादे राज्य उभे करून प्रसंग सांगावयाचा. इतरांनी एकेक पात्र अंगी घेऊन त्या प्रसंगात आपापल्या बुद्धीने बोलावयाचे व वागावयाचे. साहस साधले की फसले, याचा निकाल फाशांवर. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी 1974 साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने असल्या खेळाचे पहिले नियमपुस्तक प्रसिद्ध केले, आणि तेव्हापासून त्याचा प्रसार जगभर झाला. सूत्रधारकीची पाळी या वेळी भाच्याची असून, उतरत्या कळेच्या एका सरदार घराण्याने दिलेली विलासी मेजवानी त्यास रंगवावयाची आहे. टिपण त्या मेजवानीचे.

पोरांच्या खेळावर टीकालेख कसला लिहावयाचा, असे काही वाचकांस वाटेल. परंतु नाटककार पात्रांची वाक्ये लिहून देतो; हा सूत्रधार ती लिहीत नाही, आणि तरीही ती कोणत्या गरजेपोटी उच्चारली जातील हे त्यास आधी ठरवून ठेवावे लागते. नाट्यरचनेतील अवघड भाग नेमका हाच आहे. शिवाय भाच्याच्या टिपणातील दोष त्याचा एकट्याचा नाही. दरबार रंगवावयाचा म्हटले की आपल्या रंगभूमीने व आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांनी तोच दोष पिढ्यान्‌पिढ्या केला आहे.

टिपणाच्या बारा पानांपैकी नऊ पाने सामानाची आहेत. शंभर दिव्यांची झुंबरे, मद्याचे कारंजे, मोरपिसांचे मुखवटे, सोन्याच्या पिंजऱ्यात झोपी गेलेला चित्ता. (चित्ता का झोपला, हे मात्र त्याने सांगितले आहे, त्यास अफू घातली होती. टिपणातील हा एकच तपशील मला मनापासून आवडला.) उरलेल्या तीन पानांत पाहुण्यांची यादी असून प्रत्येकाच्या नावापुढे ‘कपटी’, ‘विलासी’, ‘क्रूर’ असे एकेक विशेषण आहे. परंतु हे लोक या रात्री या वाड्यात कशासाठी आले, हे कोठेही नाही. यजमानाजवळ असे काय आहे की जे मिळाल्यावाचून त्यांस घरी परतवणार नाही? तेही नाही. मग मित्रांनी अंगी घेतलेली पात्रे तेथे जाऊन करणार काय? झुंबरे पाहतील, दोन पेले घेतील आणि कंटाळून तलवारी उपसतील.

या सामानाचे मूळ शोधण्यास फार श्रम नकोत. एडगर ॲलन पो याची प्रॉस्पेरो राजपुत्राच्या नृत्यसमारंभाची कथा 1842 साली प्रसिद्ध झाली. विलासी मेजवानीचे जेवढे देखावे आजच्या अद्‌भुत वाङ्मयात दिसतात, त्यांतील निम्मेअधिक तिचेच वंशज असावेत. पोच्या कथेत रंगीबेरंगी सात दालने आहेत, मुखवटे आहेत. पण भिंतीबाहेर महामारी आहे आणि आत एक घड्याळ आहे. त्याचे ठोके पडू लागले की वादक थांबतात, नाचणारे फिके पडतात, आणि ठोके संपले की सारे पुन्हा खोटे हसू लागतात. अनुकरण करणाऱ्यांनी दालने उचलली व घड्याळ तेथेच ठेवले. भाच्यानेही तेच केले.

आणि इतक्या दूर जाण्याचे त्यास कारणच नव्हते. सांगलीहून तीनेक तासांच्या वाटेवर साताऱ्याचा किल्ला आहे. त्यावर 1750 सालच्या नोव्हेंबरात जी मेजवानी झाली, तिचा आराखडा कोणत्याही सूत्रधाराने पुढ्यात ठेवावा असा आहे. आदल्या वर्षाच्या अखेरीस शाहू महाराज निपुत्रिक वारले होते. पंचाहत्तरीस पोहोचलेल्या ताराबाईंनी रामराजा हा आपला नातू म्हणून पुढे आणला आणि तो गादीवर बसला. परंतु बसल्यावर तो आजीच्या हाती न राहता पेशव्यांच्या हाती गेला, आणि सांगोल्यास करार होऊन राज्यकारभाराची सूत्रे पेशव्यांकडे आली. तेव्हा ताराबाईंनी चंपाषष्ठीच्या निमित्ताने त्यास किल्ल्यावर बोलावले. कुळधर्म, देवकार्य, आजीचे निमंत्रण. नाही म्हणण्यास जागा कोठे होती? राजा वर गेला आणि कैद झाला. पुढे ताराबाईंनी हा आपला नातूच नव्हे, असेही जाहीर केले.

या प्रसंगात झुंबर एकही नाही. आहे ते असे: नाकारता न येणारे निमंत्रण, चढून जावे लागणारा किल्ला, जिच्या शब्दावर पाहुण्याची सारी ओळख अवलंबून आहे अशी यजमानीण, आणि ती ओळख ती केव्हाही काढून घेऊ शकते ही गोष्ट. पंगतीत बसलेल्या प्रत्येक माणसास त्या रात्री एकच प्रश्न पडला असला पाहिजे, की पानावरून उठल्यावर आपण कोणाचे चाकर असणार? सूत्रधाराने हा प्रश्न एकदा पाहुण्यांच्या मनात घातला की संवाद पुरवण्याची त्यास गरज राहत नाही.

परंतु साताऱ्याचे खरे नवल याच्याही पुढे आहे. राजा असा अडकून पडला, तरी पेशवेपदाची वस्त्रे त्याच्याच हातून यावयाची. नारायणरावाचा 1773 साली खून झाल्यावर रघुनाथरावाने वस्त्रे मिळवली ती साताऱ्याहून. दुसऱ्या वर्षी सवाई माधवरावास, अवघ्या चाळीस दिवसांच्या बालकास, वस्त्रे आली तीही साताऱ्याहूनच. ज्याच्या हाती काही उरलेले नाही, त्याच्याच हातचे वस्त्र अंगावर पडल्यावाचून ज्यांच्या हाती सर्व काही आहे त्यांस चैन पडत नाही! दरबाराचा ऱ्हास म्हणतात तो मद्याच्या कारंजात नसतो. सत्ता निघून गेल्यावरही मुजरे, नजराणे व बसण्याचे क्रम जसेच्या तसे चालू राहतात, किंबहुना अधिकच काटेकोर होतात, त्यात तो असतो. सरदाराची फौज रोडावली की त्याची जागा गादीपासून किती हात यावरचा त्याचा तंटा वाढतो. अत्तरगुलाब कोणास आधी दिला, पानसुपारी कोणापुढे धरली नाही, विडा कोणी उचलला, अशा क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टींवर तेथे माणसे आयुष्ये पणास लावतात, कारण दुसरे काही लावण्यास उरलेले नसते. भाच्याने एकाही पाहुण्याची बसण्याची जागा ठरवलेली नाही. माझ्या मते सर्वांत आधी तेवढीच ठरवावयास हवी होती.

आता पद्धतीविषयी. सूत्रधाराने प्रसंग सांगावा आणि पात्रांनी आयत्या वेळी स्वतःचे बोलावे, ही रीत अमेरिकेतून आली असे भाच्यास वाटते. ज्या गावात तो राहतो त्याच गावात ती 1843 साली रूढ झाली होती! कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ पाहून चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी आपल्या पदरच्या विष्णुदास भावे यांस तसे काही मराठीत करण्यास सांगितले, आणि ‘सीतास्वयंवर’ उभे राहिले. 5 नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन पाळतो तो त्याच्याच स्मरणार्थ. त्या खेळात बांधून दिलेली असत ती पदे, आणि ती म्हणावयाची सूत्रधाराने व त्याच्या साथीदारांनी. पदात प्रसंग कळला की राम, जनक, राक्षस ज्याचे त्याने आपापले भाषण जागच्या जागी करावयाचे. पुढील पिढ्यांनी ‘अललडुर्र’ म्हणून या नाटकांची थट्टा केली. राक्षसपार्टी आरोळ्या ठोकीत व तलवारी फिरवीत, त्यामुळे थट्टेस जागाही होती. पण नटाने काय बोलावे हे न सांगता, त्यास बोलण्यावाचून गत्यंतर नाही अशा ठिकाणी आणून सोडावयाचे, हे भाव्यांस साधले होते.

त्यांनी निवडलेला प्रसंग पाहा. स्वयंवर म्हणजे राजांचा मेळावाच. प्रत्येक जण एकाच हेतूने आलेला, आणि हेतू साधण्याची कसोटी सर्वांसमक्ष एकच. वाल्मीकीच्या रामायणात ही भरलेली सभा अशी नाही, आणि तीत रावणही नाही; श्रीधराच्या ‘रामविजया’ने मराठी घरांत पोहोचवलेल्या कथेत मात्र रावण येतो, धनुष्य उचलू जातो आणि त्याखाली सापडतो. आपल्या लोककथाकारांस मेजवानीचे मर्म वाल्मीकीपेक्षा अधिक कळले होते असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण या एका जागी ते नाट्यदृष्टीने सरस ठरले, यात मला शंका नाही.

आणि हा खेळ पाहण्यास बसले होते कोण? पेशवाई 1818 साली बुडाल्यावर कंपनी सरकारशी करारमदार करून राहिलेला एक संस्थानिक आणि त्याचे मानकरी. शेजारी साताऱ्यास चारच वर्षांपूर्वी, 1839 साली, प्रतापसिंह महाराजांस कंपनीने पदच्युत करून काशीस धाडले होते. त्यांच्या जागी बसवलेले बंधू शहाजी 1848 साली वारताच ते राज्यही खालसा झाले. रंगभूमीवर राजांमागून राजे धनुष्यास हात लावून मागे फिरत होते, आणि समोर जागेच्या मानाप्रमाणे बसलेली सभा ते पाहत होती. 1851 साली आप्पासाहेब निवर्तले, दरबाराचा आश्रय सुटला, आणि भाव्यांस मंडळी घेऊन पुण्यामुंबईच्या तिकिटे काढणाऱ्या प्रेक्षकांकडे जावे लागले.

सांगलीत जन्मलेल्या दुसऱ्या नाटककाराने हाच धडा दोन तऱ्हांनी गिरवला आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमाना’तील (1911) लक्ष्मीधर दागिन्यांनी मढलेला, भित्रा आणि पोकळ आहे. त्याचे वैभव केवळ अंगावरचे असल्यामुळे तो हसे मिळवतो आणि तेवढ्यावर संपतो. संगीताने त्या नाटकास तारले, लक्ष्मीधराने नव्हे. उलट ‘कीचकवध’ (1907) घ्या. विराटाची सभा म्हणजे मुखवट्यांची मेजवानीच. कंक, बल्लव, बृहन्नडा, सैरंध्री हे चौघे खोट्या नावाने वावरत आहेत, आणि मुखवटा गळून पडला तर पुन्हा वनवास. राजा आहे, पण सेनापती असलेल्या मेहुण्यावाचून त्याचे पान हलत नाही. तो मेहुणा भर दरबारात एक दासी मागतो, आणि राजास ‘नाही’ हा शब्द उच्चारता येत नाही. येथे प्रत्येकाच्या मौनास किंमत आहे. प्रेक्षकांनी कीचकाच्या चेहऱ्यावर आणखी एक मुखवटा पाहिला, तो लॉर्ड कर्झनचा. आणि सरकारनेही तो ओळखला, म्हणूनच 1910 साली नाटकावर बंदी आली. मोरपिसांच्या मुखवट्यांवर कोणतेही सरकार बंदी घालीत नाही.

यानंतरच्या आपल्या ऐतिहासिक नाटकांतील दरबारांविषयी थोडक्यात सांगितलेले बरे. रंगवलेला पडदा, भालदारांच्या ललकाऱ्या, जरीचे अंगरखे आणि पाठ केलेली भाषणे. पडद्यावरील खांब तेवढे भक्कम. पुन्हा जिवंत दरबार मी पाहिला तो विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये (1972). तेथे वाडा नाही, झुंबर नाही. ओळीने उभी राहून गाणारी माणसे हीच भिंत. ती भिंत सरकते आणि मागे चाललेले दिसते, पुन्हा जुळते आणि दिसेनासे होते. विलास म्हणजे एक व्यवहार आहे: बापाने मुलगी द्यावयाची आणि कोतवाली घ्यावयाची. नाना फडणीस हे 1742 साली साताऱ्यासच जन्मले, वाईजवळ मेणवलीस त्यांचा वाडा आजही उभा आहे, आणि इतिहासातील नानांवर त्या नाटकाने अन्याय केला असे मानणाऱ्यांत मीही एक आहे. पण नष्ट होऊ घातलेल्या राजवटीची मेजवानी कशी मांडावी, हे त्यावरूनच शिकावे लागेल.

एवढे सारे मी भाच्यास लिहून कळवले. त्याचे उत्तर आले ते असे, की ‘मामा, हे ठीक, पण माझे मित्र माझ्या आराखड्याप्रमाणे वागलेच नाहीत तर?’ शंका योग्य आहे. चंपाषष्ठीच्या त्या आमंत्रणास रामराजाने नकार दिला असता तर ताराबाईंनी काय केले असते, हे त्या बाईंनी आधी योजून ठेवले असणार असे मला वाटते. सूत्रधारानेही तेवढेच योजावे, त्याहून अधिक नाही. भाव्यांच्या नटाने भलतेच भाषण केले तर सूत्रधार पुढील पद लवकर उचलू शके, त्याच्या तोंडात शब्द घालू शकत नसे.

भाच्याने टिपण सुधारून धाडले आहे. आता ते चार पानांचे आहे. यजमान घराण्याची गादी मधोमध असून तीवर नऊ वर्षांचा मुलगा बसवला आहे. रात्र सरण्यापूर्वी तो ज्याच्या खांद्यावर शाल घालील तो राज्याचा कारभारी. पाहुणे सात, आणि प्रत्येकाची जागा गादीपासून हातांत मोजून दिली आहे. मुलास झोप येत आहे, हे त्याने दोनदा लिहिले आहे. चित्ता त्याने ठेवला आहे, फक्त अफू उतरण्याची वेळ नोंदवली आहे.