रॉझवेलची तबकडी : पुरावा वाढला की गोष्ट वाढली?

उडत्या तबकड्यांविषयी वर्गात कधीच प्रश्न निघाला नाही, असा विज्ञानशिक्षक विरळाच. सूर्यमालेचा धडा चालू असतो आणि मागच्या बाकावरून एखादा मुलगा विचारतो, "सर, अमेरिकेत तबकडी पडली होती ना? तिच्यातली परग्रहावरची माणसं सरकारनं लपवून ठेवलीत, हे खरं का?" अशा वेळी दोन उत्तरे चटकन तोंडी येतात. 'असले काही नसते, वहीत लिहा' हे एक आणि 'असेलही, विज्ञानाला तरी सगळे कुठे ठाऊक आहे?' हे दुसरे. पहिल्या उत्तराने मुलगा गप्प बसतो, पण त्याची शंका जात नाही. दुसऱ्याने त्या शंकेवर शिक्षकाचीच मोहोर उमटते. दोन्ही उत्तरांत मुख्य काम राहून जाते, ते म्हणजे दावा तपासण्याचे.

मुलगा ज्या तबकडीबद्दल विचारतो ती बहुधा रॉझवेलची असते. न्यू मेक्सिको राज्यातील या गावाचे नाव तबकड्यांशी कायमचे जोडले गेले आहे. याचे मोठे श्रेय १९८० साली प्रसिद्ध झालेल्या 'द रॉझवेल इन्सिडन्ट' या पुस्तकाकडे जाते. चार्ल्स बर्लिट्झ आणि विल्यम मूर हे त्याचे लेखक. बर्लिट्झ यांचे बर्म्युडा त्रिकोणावरील पुस्तक त्याआधी, १९७४ मध्ये, बरेच गाजले होते. रॉझवेलवर पुढे अनेक पुस्तके, चित्रपट आणि मालिका निघाल्या. त्या सर्वांचा पाया या पुस्तकाने घातला. म्हणून त्याची पद्धत नीट पाहणे उपयोगाचे ठरेल. त्यासाठी एक साधी युक्ती पुरते. प्रत्येक विधानापुढे ते केव्हा केले गेले, ती तारीख लिहायची.

१९४७ चा उन्हाळा

२४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड हे वैमानिक वॉशिंग्टन राज्यातील माउंट रेनियर पर्वताजवळून आपले छोटे विमान नेत होते. त्यांना नऊ चकाकणाऱ्या वस्तू अतिशय वेगाने जाताना दिसल्या. पाण्यावर फेकलेली बशी टप्पे खात जाते तशा त्या जात होत्या, असे वर्णन त्यांनी केले. उपमा गतीची होती, असे अर्नोल्ड यांनी पुढे सांगितले. सैन्याला दिलेल्या त्यांच्या रेखाचित्रातील आकृतीही पूर्ण गोल नाही. ती मागे निमुळती होत जाते. पण वृत्तपत्रांनी 'उडत्या बशा' असे नाव देऊन टाकले आणि त्यानंतरच्या काही दिवसांत अमेरिकेभर लोकांना आकाशात बशाच दिसू लागल्या. वार्ताहरांनी दिलेले नाव वाचून परग्रहवासीयांनी आपल्या यानांचा आकार बदलला, असे तर कोणी म्हणणार नाही. बदलली होती ती पाहणाऱ्यांची अपेक्षा.

याच सुमारास रॉझवेलच्या वायव्येस, शंभराहून अधिक किलोमीटर दूर, ब्रेझल नावाचा एक पशुपालक आपल्या कुरणात फिरत होता. ९ जुलै १९४७ च्या स्थानिक दैनिकात त्याची मुलाखत छापून आली. तीत तो म्हणतो की, १४ जूनला त्याला रबराच्या पट्ट्या, चमकदार पन्नी, जाडसर चिवट कागद आणि काड्या असा पसारा पडलेला दिसला. कामाच्या घाईत त्याने तिकडे लक्ष दिले नाही. ४ जुलैला त्याने कुटुंबासह तो पसारा गोळा केला. दुसऱ्या दिवशी गावात 'उडत्या बशां'ची चर्चा पहिल्यांदाच कानावर आली आणि आपल्याला सापडलेले तेच तर नसेल, असे त्याला वाटले. त्याने शेरीफला कळवले आणि शेरीफने लष्करी विमानतळाला.

८ जुलैला विमानतळाच्या माहिती अधिकाऱ्याने उडती तबकडी हाती आल्याचे पत्रक काढले. त्याच दिवशी वरिष्ठ अधिकारी जनरल रेमी यांनी तो हवामानाचा बलून असल्याचे जाहीर केले. बातमी विझली.

ब्रेझलच्या मुलाखतीतील तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सगळ्या पसाऱ्याचे वजन त्याच्या अंदाजाने पाच पौंड, म्हणजे सव्वादोन किलोच्या आसपास होते. त्यात इंजिनासारखे काहीच नव्हते, मात्र चिकटपट्टी होती आणि काही पट्ट्यांवर फुले छापलेली होती. तिसरी गोष्ट तबकडीवाल्यांच्या बाजूची आहे. पूर्वी दोनदा हवामानाचे बलून सापडले होते, पण हे तसे दिसत नव्हते, असेही ब्रेझलने सांगितले. ही तिसरी गोष्ट झाकून टाकून टीका करणे प्रामाणिक होणार नाही. तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

तीस वर्षांनंतर

यानंतर सुमारे तीस वर्षे रॉझवेलबद्दल फारसे कोणी बोलले नाही. १९७८ मध्ये तबकड्यांचे अभ्यासक स्टँटन फ्रीडमन यांची मेजर जेसी मार्सेल यांच्याशी गाठ पडली. १९४७ मध्ये कुरणातून पसारा आणणारे हेच लष्करी अधिकारी. ती वस्तू पृथ्वीवरची नव्हती, असे ते आता म्हणू लागले. पातळ पन्नी, पण घण मारून वाकत नाही, जाळून जळत नाही. काड्यांवर चित्रलिपीसारखी अक्षरे. मृतदेहांचा उल्लेख मात्र मार्सेल यांनी केला नाही.

मृतदेह आले ते १९८० च्या पुस्तकात, आणि कसे आले ते पाहण्यासारखे आहे. एका अभियंत्याने ते पाहिल्याचे त्याच्या मित्रांनी लेखकांना सांगितले. तो अभियंता तोवर वारला होता, आणि जागाही ब्रेझलच्या कुरणाची नव्हे, तर तेथून बरीच दूर पश्चिमेकडच्या माळरानाची होती. लेखकांनी दोन गोष्टी जोडून एक अपघात तयार केला. १९८९ मध्ये रॉझवेलमधील एका माजी अंत्यविधी व्यावसायिकाने सांगितले की, लष्करी रुग्णालयातील एका परिचारिकेने शवचिकित्सा पाहिली होती. संशोधकांनी नोंदी धुंडाळल्या. त्या नावाची परिचारिका तेथे नव्हती. तेव्हा आपण नाव खोटे सांगितले होते, असे त्याने कबूल केले. १९९५ मध्ये रे सँटिली या ब्रिटिश निर्मात्याने शवचिकित्सेचा 'मूळ' चित्रपटच जगापुढे आणला. अनेक देशांत तो दाखवला गेला. २००६ मध्ये तो नव्याने चित्रित केल्याचे त्यांनी मान्य केले. मूळ फिती खराब झाल्यामुळे तसे करावे लागले, ही त्यांची सबब. 'मृतदेह' एका शिल्पकाराने घडवला होता आणि आतले अवयव म्हणून मेंढीचा मेंदू व कोंबडीची आतडी वापरली होती.

आता तारखांचा तक्ता डोळ्यांपुढे आणा. १९४७ मध्ये सव्वादोन किलो रबर, पन्नी आणि काड्या. १९७८ मध्ये न वाकणारा धातू. १९८० मध्ये ऐकीव मृतदेह. १९८९ मध्ये शवचिकित्सेची ऐकीव हकीकत आणि १९९५ मध्ये तिचा चित्रपट. घटनेपासून जितके दूर जावे तितका तपशील वाढत गेला. पण प्रयोगशाळेत ठेवून सर्वांना तपासता येईल असा त्या अद्भुत पन्नीचा एक चौरस सेंटिमीटरचा तुकडाही पुढे आला नाही. गोष्ट वाढली, पुरावा होता तेवढाच राहिला.

याचा अर्थ सगळे साक्षीदार खोटे बोलत होते, असा नव्हे. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग शिक्षकांनी जरूर लक्षात ठेवावा. विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची फीत दाखवली. नंतर काहींना 'मोटारी एकमेकींना धडकल्या तेव्हा वेग किती होता?' असे विचारले, तर काहींना 'धडकल्या'ऐवजी 'चक्काचूर झाल्या' या अर्थाचा शब्द वापरून विचारले. आठवड्याने प्रश्न होता, 'फुटलेली काच दिसली का?' काच फितीत नव्हतीच. तरी पहिल्या गटातील ५० पैकी ७ जणांना आणि दुसऱ्या गटातील ५० पैकी १६ जणांना ती 'आठवली'. एका शब्दाने आठवड्यात एवढे होत असेल, तर तीस वर्षांनी, तबकडीवर विश्वास असलेल्या प्रश्नकर्त्यापुढे काय होईल?

'द रॉझवेल इन्सिडन्ट'चा मूळ दोष येथे आहे. १९४७ ची छापील मुलाखत, तीस वर्षांनंतरची आठवण आणि मृताच्या मित्रांनी सांगितलेली हकीकत या तिन्ही गोष्टी त्याने एकाच मापाने मोजल्या आणि जी सर्वांत चित्तवेधक ती खरी मानली.

लपवले होते, पण काय?

या पुस्तकाचे एक म्हणणे मात्र बरोबर निघाले. सरकार काहीतरी लपवत होते. त्या वेळी 'मोगल' नावाचा गुप्त प्रकल्प चालू होता. सोव्हिएत रशियाने अणुचाचणी केली तर तिचा आवाज वातावरणाच्या वरच्या एका थरातून फार दूरवर जाईल आणि तेथे ध्वनिग्राहक तरंगत ठेवले तर तो पकडता येईल, ही त्यामागील कल्पना. त्यासाठी न्यूयॉर्क विद्यापीठाचा चमू न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथून बलूनच्या लांबच लांब माळा सोडत असे. एकेका माळेत वीसहून अधिक बलून असत आणि रडारला दिसावेत म्हणून पन्नी, कागद व काड्यांचे परावर्तकही बांधलेले असत. परावर्तकांना मजबुतीसाठी लावलेल्या चिकटपट्टीवर फुलांसारखी नक्षी होती.

१९९४ मध्ये अमेरिकी हवाई दलाने हे सर्व प्रसिद्ध केले. आता ब्रेझलच्या तिसऱ्या विधानाकडे वळू. एकट्या हवामान-बलूनसारखे ते दिसले नाही, कारण ते तसे नव्हतेच. चांगल्या स्पष्टीकरणाची ही खूण आहे. अडचणीची वाटणारी गोष्टही त्यात चपखल बसते.

तरीही मर्यादा सांगायला हव्यात. ४ जून १९४७ च्या माळेचे हे अवशेष असावेत, असा निष्कर्ष आहे, पण त्या दिवसाच्या नोंदी अपुऱ्या आहेत. तेव्हा हे उपलब्ध स्पष्टीकरणांपैकी सर्वांत जुळणारे आहे, एवढेच म्हणावे. हवाई दलाचा १९९७ चा दुसरा अहवाल तर फारच सैल आहे. लोकांना आठवणारे मृतदेह म्हणजे विमानातून टाकलेले प्रायोगिक पुतळे, असे तो सांगतो. पण ते प्रयोग १९५० च्या दशकातले! साक्षीदारांनी अनेक वर्षांच्या अंतराने घडलेल्या गोष्टी एकत्र केल्या असतील, हे अशक्य नाही, परंतु ते दाखवायला हवे. त्यापेक्षा '१९४७ च्या कोणत्याही नोंदीत मृतदेह नाहीत' हे एक वाक्य अधिक वजनदार ठरले असते. सरकारने सांगितले म्हणून विश्वास ठेवा, असे विद्यार्थ्यांना सांगण्याची गरज नाही. ज्या सरकारने १९४७ मध्ये अर्धसत्य सांगितले त्यावर शंका घेणे रास्तच आहे. मात्र ती शंका म्हणजे तबकडीचा पुरावा नव्हे.

आकाशातून पडलेले दगड

तबकडीवाले एक युक्तिवाद हमखास करतात. आकाशातून दगड पडतात असे खेडूत सांगत, तेव्हा विद्वान हसत असत. शेवटी खेडूतच खरे ठरले. ही गोष्ट खरी आहे. फ्रान्समध्ये पडलेल्या एका दगडाची १७७२ साली तपासणी करून लाव्हाझिएसारख्या थोर शास्त्रज्ञाचा समावेश असलेल्या समितीने तो वीज पडलेला साधा दगड ठरवला होता. पण पुढे काय झाले, ते हे लोक सांगत नाहीत.

१७९४ मध्ये क्लाड्नी यांनी असे दगड अवकाशातून येतात, असे प्रतिपादन केले. १८०२ मध्ये हॉवर्ड यांनी वेगवेगळ्या देशांत पडलेल्या दगडांचे पृथक्करण करून त्यांत सारखेच निकेलयुक्त लोह दाखवले. २६ एप्रिल १८०३ रोजी फ्रान्समधील लेग्ल गावाजवळ दगडांचा वर्षाव झाला. तरुण शास्त्रज्ञ बिओ तेथे गेले, गावोगाव हिंडून एकमेकांना न ओळखणाऱ्या लोकांच्या साक्षी त्यांनी घेतल्या, असे दगड त्या भागात आधी कोणाकडेच नव्हते याची खात्री केली आणि ते कोठे पडले ते नकाशावर मांडले. सुमारे दहा किलोमीटर लांबीच्या लंबवर्तुळात जवळजवळ तीन हजार दगड! शंका मावळली.

येथे पुरावा वाढत गेला. साक्षी एकमेकींपासून स्वतंत्र होत्या, वस्तू हातात होत्या, आणि कोणीही त्या पुन्हा तपासू शकत होता. आजही तपासू शकतो. रॉझवेलला लेग्लच्या शेजारी बसवायचे असेल तर निदान एक दगड आणावा लागेल.

वर्गात काय करता येईल?

रॉझवेल हा वर्गातील एक उत्तम पाठ होऊ शकतो. फळ्यावर चार रकाने आखावेत : विधान, तारीख, स्वतः पाहिले की ऐकले, आणि हाती धरता येईल असा पुरावा. वर दिलेली माहिती विद्यार्थ्यांनाच त्यांत भरायला सांगावी. निष्कर्ष शिक्षकाने सांगू नये, तो रकान्यांतूनच निघतो. दुसरा उपक्रम त्याहून सोपा. शाळेत घडलेला एखादा प्रसंग मुलांना त्याच दिवशी लिहायला लावून कागद ठेवून द्यावेत. दोन महिन्यांनी तोच प्रसंग पुन्हा लिहून घ्यावा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचावेत. स्वतःच्याच आठवणीत शिरलेली 'फुटलेली काच' पाहिल्यावर मुलांना जे कळते, ते कोणत्याही व्याख्यानाने कळत नाही.

आणि मागच्या बाकावरील त्या मुलाला काय सांगायचे? विश्वात अन्यत्र जीवसृष्टी आहे का, हा प्रश्न खुला आहे आणि तो अतिशय मोलाचा आहे. १९९५ मध्ये सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती पहिला ग्रह सापडला, आणि आज असे हजारो ग्रह माहीत आहेत. तो प्रश्न ज्याला खरोखर महत्त्वाचा वाटतो, त्याने कच्च्या पुराव्यावर समाधान मानू नये. 'तबकडी पडली होती का?' या प्रश्नाला 'चल, तारखा लिहू' हे उत्तर दिले, तर त्या मुलाचे कुतूहलही टिकते आणि त्याला शंका घेण्याची रीतही कळते.