पुठ्ठ्यावर चिकटवलेले दगड

मुलांच्या वाढदिवसाला पुस्तके येतात, कोडी येतात, तशी हल्ली दगडांची पेटीही येते. आमच्या अल कुसैसच्या घरी आली ती अशी: पुठ्ठ्यावर ओळीने चिकटवलेले वीस गुळगुळीत दगड, प्रत्येकाखाली नाव आणि रासायनिक सूत्र. पेटी देखणी आहे. तिच्यामुळे मुलांना दगडांकडे बघावेसे वाटते, हे श्रेय तिला द्यायलाच हवे. पण दगड ओळखायला ती शिकवते का? माझ्या मते, नाही.

पहिला दोष डिंकाचा. खनिजाची ओळख नुसत्या डोळ्यांनी पटत नाही. ते हातात घेऊन वजन अजमावायचे, नखाने किंवा चाकूच्या टोकाने ओरखडा काढून पाहायचा, फरशीच्या खरखरीत पाठीवर घासून पुडीचा रंग, म्हणजे कस, बघायचा. हेमॅटाइट आणि मॅग्नेटाइट ही दोन्ही लोखंडाची ऑक्साइडे, दिसायला दोन्ही काळी असू शकतात. पण हेमॅटाइटचा कस तांबूस उतरतो, मॅग्नेटाइटचा काळाच. फ्रीड्रिख मोस यांनी १८१२ साली काठिण्याच्या दहा पायऱ्या ठरवल्या, त्या ओरखड्यावरूनच. चिकटवून टाकलेल्या दगडाला यातला एकही प्रश्न विचारता येत नाही. मग उरते ते पाठांतर.

दुसरा दोष अधिक गंभीर. या पेटीत बेसॉल्टखालीही एक सूत्र छापले आहे. क्वार्ट्झला सूत्र असते, सिलिकॉन डायऑक्साइड. कॅल्साइटला असते, कॅल्शियम कार्बोनेट. बेसॉल्ट मात्र खनिज नव्हे, खडक आहे. मुख्यतः पायरोक्सीन आणि फेल्डस्पार या खनिजांचा मिळून झालेला. चिवड्याचे एकच सूत्र कसे लिहिणार?

हा भेद आपल्या अगदी जवळचा आहे. सुटीच्या दिवशी आपण हत्ताला जातो. मुले काळपट दगड उचलून दाखवतात आणि आपण कौतुकाने म्हणतो, "आपल्या सह्याद्रीचाच दगड!" मीही म्हटले आहे. सह्याद्रीचा बेसॉल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यात जवळजवळ निम्मी सिलिका. हजर पर्वतातला तो काळपट दगड बहुधा पेरिडोटाइट असतो. तो कवचाखालच्या प्रावरणातला, जुन्या समुद्रतळाबरोबर जमिनीवर ढकलला गेलेला. त्यात सिलिका कमी, मॅग्नेशियम भरपूर, आणि मुख्य खनिज ऑलिव्हीन. पाण्याच्या संपर्काने त्याचे सर्पेंटाइन होते, ते हिरवट आणि हाताला साबणासारखे लागते. त्यातल्या पांढऱ्या शिरांवर व्हिनेगर टाकून बघावे: बुडबुडे आले तर कॅल्साइट, थंड व्हिनेगरला दाद दिली नाही तर मॅग्नेसाइट असण्याची शक्यता. दोन्ही दगड काळे, पण जन्मकथा वेगळ्या.

तिसरी उणीव आपल्या घरची. पुणे, नाशिक, जळगाव भागांतल्या खाणींतील झिओलाइटे जगभरच्या संग्रहालयांत मानाने मांडलेली आहेत. या पेटीत एकही नाही. बेसॉल्टच्या पोकळ्यांत तयार झालेले स्टिल्बाइट हे कॅल्शियम, सोडियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन यांचे पाणी धरून ठेवणारे खनिज. तापवल्यावर ते फसफसते. त्यावरूनच क्रोन्स्टेट यांनी १७५६ साली झिओलाइट, म्हणजे 'उकळणारा दगड', हे नाव दिले. वाघोलीचे निळेशार कॅव्हन्साइट तर आपली घटकद्रव्ये नावातच सांगते: कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकॉन. दोष मात्र पेटीवाल्यांचाच नाही. आपणही प्रत्येक पांढऱ्या खड्याला 'गारगोटी' म्हणून मोकळे होतो. खरी गार, म्हणजे क्वार्ट्झ, काचेवर ओरखडा काढते; कॅल्साइट आणि स्टिल्बाइट काढत नाहीत. एवढी परीक्षा घरात कोणालाही जमेल.

आम्ही शेवटी पाच दगड पुठ्ठ्यावरून सोडवले. पुठ्ठा फाटला, सूत्रेही फाटली. त्या संध्याकाळी मुलीने काचेचा तुकडा, खिळा आणि व्हिनेगरची वाटी घेऊन स्वतःची यादी केली. पाचांपैकी दोन नावे तिने चुकीची लिहिली. पण का चुकली, हे तिला सांगता आले. पेटीने दिलेल्या वीस बरोबर नावांपेक्षा मला ती दोन चुकलेली नावे मोलाची वाटतात. पुढच्या खेपेला गावाहून येताना लोणच्याच्या बरणीशेजारी एखादा काळा दगड जरूर आणावा, आणि हत्ताच्या दगडाशेजारी ठेवून मुलांनाच विचारू द्यावे, "तू कोण?"