‘कोटा फॅक्टरी’: क्लासची निवड आणि न विचारलेला प्रश्न

मागच्या व्याख्यानानंतर एका आजोबांनी आम्हाला गाठलं. म्हणाले, “सर, नातवाला कोट्याला पाठवू, लातूरला ठेवू, की घरीच अभ्यास करू दे?” उत्तर देण्याआधी आम्ही ‘कोटा फॅक्टरी’ ही हिंदी मालिका पुन्हा पाहिली. आज तिच्याबद्दल बोलू.

२०१९ साली आलेली ही मालिका कृष्णधवल आहे. इटारसीचा वैभव उशिरा कोट्यात पोहोचतो. नावाजलेल्या ‘माहेश्वरी’ क्लासमध्ये जागा मिळत नाही, म्हणून दुसरीकडे जातो. तिथले भौतिकशास्त्राचे जीतू भैया त्याला सावरतात. खोलीतलं एकटेपण, बॅचवरून ठरणारी पोराची किंमत, हे सगळं अस्सल उतरलंय. त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

आमची तक्रार वेगळी आहे. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, माणूस खल करतो तो साधनांचा, साध्याचा नाही. रोग्याला बरं करावं की नाही, यावर वैद्य विचार करत बसत नाही. मान्य. पण वैद्यकी त्यानं कधीतरी स्वीकारलेली असते. वैभवनं आयआयटी कधी स्वीकारली? हा प्रश्न मालिकेत कळीचा होतच नाही. सगळा खल कुठला क्लास, कुठली बॅच यावर. पहिल्या पर्वाच्या शेवटी ‘माहेश्वरी’त जागा मिळते आणि तो जीतू भैयांना सोडून जातो. ज्या शिक्षकामुळे अभ्यास जमू लागला, तोच सुटला! तिथे हळहळ आहे, तपासणी नाही. शिवाय इतका भला शिक्षक समोर असला, की व्यवस्थेचा दोष आपल्याला सुसह्य वाटायला लागतो.

बरं, साधनांचा तरी विचार आपण नीट करतो का? जेईई मेनमध्ये तीन तासांत ७५ प्रश्न. उत्तर चुकलं तर एक गुण वजा. आपल्या एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटात तेवढ्याच वेळात १५० प्रश्न, आणि गुण वजा होत नाहीत. एकीत प्रश्न सोडून द्यायचा विवेक लागतो. दुसरीत काहीही कोरं न ठेवण्याचा वेग. तरी पालक विचारतात, “दोन्हींची तयारी एकत्रच होते ना?” अभ्यासक्रम बराचसा एक असेल, सवय एक नाही.

आजोबांना आम्ही सांगितलं: महिनाभर घरीच जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवू द्या. मग बघा, कुठे अडतं. संकल्पनाच कळत नसेल तर चांगला शिक्षक शोधा, तो गावातही असू शकतो. कळतंय पण वेळ पुरत नसेल, तर सराव वाढवा. त्यासाठी शहर बदलायची गरज नाही.

आणि त्याआधी नातवाला विचारा, हे त्याला हवंय का. तो “नको” म्हणाला, तर ते ऐकून घ्यायची तयारी आपली आहे का?

आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “हे त्याच्या वडिलांना सांगायला पाहिजे.”