दार उघडे, खोली काळोखी : साहित्याच्या वर्गातील चित्रांविषयी

साहित्यकृती वाचून विद्यार्थ्याने तिच्याविषयी लिहावे, ही अपेक्षा आपल्या विद्यापीठीय अध्यापनात इतकी रुजलेली आहे की, त्याने लिहिण्याआधी काही रेखाटावे, एखादा नकाशा काढावा, कागद कापून चिकटवावेत, असे कोणी सुचविले तर सहकाऱ्यांना प्राथमिक शाळेतील हस्तव्यवसायाच्या तासाची आठवण होते. ही शंका निराधार आहे असे म्हणता येणार नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (२०२०) शालेय अध्यापनाची कलेशी सांगड घालण्याचा पुरस्कार केल्यानंतर 'प्रकल्प' हा शब्द महाविद्यालयांतही नव्या उत्साहाने वावरू लागला आणि अंतर्गत मूल्यमापनाच्या गुणांसाठी कवितेमागे मावळता सूर्य, कादंबरीपुढे दौत-टाक आणि समीक्षकाच्या नावाभोवती चमकीची चौकट असे तक्ते भिंतींवर लागले. या तक्त्यांत वाचन कोठेच नसते. तथापि, त्यांच्याकडे बोट दाखवून चित्ररूप प्रतिसादाची कल्पनाच निकालात काढणे म्हणजे मार्गदर्शिकेतून उतरवलेल्या उत्तरांमुळे निबंध हा प्रकारच बाद ठरविण्यासारखे होईल. प्रश्न अध्यापनतंत्राचा आहे, त्याहून अधिक तो समीक्षेचा आहे. संहिता वाचून चित्र काढणारा वाचक नेमके काय करीत असतो?

या प्रश्नाचा विचार करताना काफ्काच्या एका पत्राला टाळून पुढे जाता येत नाही. 'रूपांतर' ही त्याची दीर्घकथा १९१५ मध्ये पुस्तकरूपाने निघायची होती. मुखपृष्ठाचे काम ऑटोमार श्टार्के या चित्रकाराकडे जाणार असल्याचे कळताच काफ्काने २५ ऑक्टोबर १९१५ रोजी प्रकाशनसंस्थेला लिहून कळविले की, तो किडा मात्र काढला जाऊ नये. दुरूनसुद्धा तो दाखविता येणार नाही. आपल्याला चित्रकाराच्या क्षेत्रात ढवळाढवळ करायची नाही, असे तो नम्रपणे म्हणतो. पण लगेच पर्यायही सुचवितो. बंद दारापुढे उभे असलेले आईवडील आणि कचेरीतील वरिष्ठ. किंवा त्याहून चांगले म्हणजे उजळलेल्या खोलीत आईवडील आणि बहीण, आणि पलीकडच्या पूर्ण काळोख्या खोलीचे दार उघडे. प्रत्यक्षात छापले गेलेले चित्र याच जातीचे आहे. दोन्ही हातांनी चेहरा झाकलेला एक पुरुष दारापासून दूर निघाला आहे आणि अर्धवट उघड्या दारामागे फक्त काळोख आहे.

काफ्काचा आग्रह लहरीपणाचा नव्हता. ग्रेगोर ज्याच्यात रूपांतरित झाला त्याच्यासाठी त्याने योजलेला 'उंगेत्सीफर' हा जर्मन शब्द कोणत्याही एका प्राणिजातीचा निर्देश करीत नाही. उपद्रवी, किळसवाणी, नष्ट करण्याजोगी जीवजात एवढाच त्याचा बोध. मराठीत 'कीड' या शब्दात जी तुच्छता आणि जी संदिग्धता आहे तिच्या तो जवळ जातो. म्हणजे कथेच्या केंद्रस्थानी वस्तू नाही, घरच्यांच्या नजरेने दिलेले एक अवमूल्यन आहे. इनगार्डेनने १९३१ मध्ये साहित्यकृतीतील 'अनिर्धारित जागां'ची जी संकल्पना मांडली तिचे हे ठळक उदाहरण म्हणावे लागेल. चित्राला पाय किती ते ठरवावेच लागते. शब्दाला ते न ठरविता राहता येते.

आता याच्या अगदी विरुद्ध उदाहरण पाहू. नाबोकोव्ह १९४८ पासून सुमारे दहा वर्षे कॉर्नेल विद्यापीठात साहित्य शिकवीत होता आणि ही कथा शिकविताना त्याने नेमके काफ्काने नाकारलेले तेच केले. आपल्या अध्यापनाच्या प्रतीत त्याने किडा रेखाटला. नाबोकोव्ह स्वतः कीटकशास्त्राचा जाणकार, त्यामुळे झुरळाची कल्पना फेटाळून त्याने फुगीर पोटाचा, कठीण पाठीचा भुंगेरा सिद्ध केला आणि त्या पाठीखाली पंख असणार, हे ग्रेगोरला कधीच उमगले नाही, अशी एक विलक्षण टिप्पणीही केली. त्याने साम्सा कुटुंबाच्या घराचा आराखडाही काढला. वरवर पाहता ही लेखकाच्या इच्छेची पायमल्ली आहे. परंतु तो आराखडा नीट पाहिला तर लक्षात येते की ग्रेगोरच्या खोलीला तीन दारे आहेत, आणि पहिल्या सकाळी आई, वडील, बहीण वेगवेगळ्या दारांवरून त्याला हाका मारतात. सलग वाचताना या हाका एकामागून एक येतात; आराखड्यात त्या एकाच वेळी तीन बाजूंनी येतात आणि खोली वेढ्यात सापडते. लेसिंगने १७६६ च्या 'लाओकून'मध्ये काव्याला कालक्रम आणि चित्राला अवकाशातील सहअस्तित्व अशी जी विभागणी करून दिली, ती येथे वाचकाच्या कामी आलेली दिसते. क्रमाने कळलेले एकदम मांडून पाहणे हीही अर्थनिर्णयाचीच कृती आहे. (किड्याच्या चित्राविषयी मात्र माझे मत काफ्काच्या बाजूचे आहे. पंखांची कल्पना मोहक आहे, पण ती कथेची नाही, नाबोकोव्हची आहे.)

काफ्का आणि नाबोकोव्ह यांच्यातील हा विरोध मला अंतिम वाटत नाही. काफ्काची हरकत मुखपृष्ठाला होती, म्हणजे वाचनाच्या आधी वाचकाच्या हाती पडणाऱ्या, दुसऱ्याने निश्चित केलेल्या प्रतिमेला होती. नाबोकोव्हचा आराखडा वाचनानंतरचा, स्वतः वाचकाने काढलेला आणि पुन्हा खोडता येईल असा आहे. वोल्फगांग इझरने फील्डिंगच्या 'टॉम जोन्स'वरील चित्रपटाचा दाखला देऊन म्हटले आहे की, आधी कादंबरी वाचलेला प्रेक्षक पडद्यावरचा नायक पाहून हिरमुसतो. कारण त्याच्या मनातील अनेक शक्यतांची जागा एका चेहऱ्याने घेतलेली असते. हे विवेचन आयत्या प्रतिमेला पूर्णपणे लागू पडते. वाचकाने स्वतः घडविलेल्या प्रतिमेला ते तसेच लागू पडेल काय, याविषयी मात्र शंका घेता येते. तेथे शक्यता हिरावली जात नाही. ती निवडावी लागते, आणि निवडीचे समर्थन द्यावे लागते.

पदव्युत्तर वर्गात 'बनगरवाडी' (१९५५) शिकविताना हा भेद मला प्रथम स्पष्ट झाला. व्यंकटेश माडगूळकर स्वतः रेखाटने करणारे लेखक, त्यांची नजर चित्रकाराची, हे आपण सारेच सांगतो; सांगून पुढे जातो. मी वर्गाला वाडीचा नकाशा काढायला सांगितले. बहुतेकांनी अमोल पालेकरांच्या १९९५ च्या चित्रपटातील दृश्ये आठवून काढली, आणि इझरचे म्हणणे वर्गातच सिद्ध झाले. एका विद्यार्थिनीने मात्र एकच नकाशा दोनदा काढला होता. पहिल्यात घरे, मेंढरे, पायवाटा, तालीम. दुसऱ्यात त्याच जागा, पण दुष्काळाने माणसे निघून गेल्यानंतरच्या. मेंढरे नव्हती, पायवाटा पुसट होत्या आणि तालीम मात्र पहिल्यापेक्षा अधिक गडद कोळशाने भरलेली होती. हे भावुक आहे, असा आक्षेप वर्गातून आला. ती म्हणाली, "सर, दुष्काळ पडल्यावर घरं रिकामी होतात, ते नेहमीचंच आहे. पण तालीम सगळ्यांनी मिळून बांधलीय. तीच सगळ्यांत जास्त रिकामी दिसणार." शिक्षक म्हणून मी या कादंबरीकडे तरुण मास्तरच्या घडणीची कथा म्हणून पाहत आलो होतो. सामूहिक श्रमातून उभी राहिलेली वास्तू तिच्या कर्त्यांवाचून उरते, या अंगाने शेवट वाचावा, असे मला सुचले नव्हते. मग आम्ही तालमीच्या उभारणीची आणि उद्घाटनाची पाने पुन्हा काढून वाचली. तिने नंतर लिहिलेली टिपणवजा दीड पाने तिच्या आधीच्या कोणत्याही निबंधापेक्षा सरस होती, आणि ही विद्यार्थिनी प्रमाण मराठीतील दीर्घोत्तरी प्रश्नांत दरवेळी जेमतेम उत्तीर्ण होणारी होती. वाचनाची कुवत आणि परीक्षेच्या भाषेवरील प्रभुत्व या दोन गोष्टी आपण किती सहज एक मानतो, याची खंत मला तेव्हापासून आहे. एका चर्चासत्रात हा अनुभव सांगितला तेव्हा एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी, "मग एम. ए. चित्रकलेतच का नको?" असे विचारले. सभागृह हसले. त्या हास्यात ती विद्यार्थिनी पुन्हा एकदा नापास झाली, असे मला वाटले.

मराठी वाङ्मयव्यवहाराला चित्रांचे वावडे कधीच नव्हते. दीनानाथ दलालांच्या चित्रांनी दिवाळी अंकांच्या वाचकांच्या पिढ्या घडविल्या, द. ग. गोडसे यांनी चित्रकाराच्या अधिकाराने साहित्यविचार केला. अरुण कोलटकर जे. जे. मध्ये चित्रकला शिकलेले. परंतु या साऱ्यात चित्र वाचकाला मिळते. वाचकाने ते करावे, ही अपेक्षा आपल्या परंपरेत फारशी दिसत नाही.

चित्राची मर्यादा कोठे येते, हे मर्ढेकरांच्या 'काही कविता'मधील (१९४७) उंदरांच्या कवितेने शिकविले. ती वाचून जवळपास प्रत्येकाने पीप काढले आणि त्यात भिजलेले उंदीर. मी विचारले, ओले कोण? कवितेत 'ओल्या' हे विशेषण आहे, 'ओले' नव्हे. सामान्यरूपामुळे ते व्याकरणदृष्ट्या पिपाकडे जाते. पण त्याची जागा उंदरांच्या अगदी लगत आहे, म्हणून कान ते उंदरांना जोडून घेतो. ओल एकाची, भास दुसऱ्याचा, आणि या दोहोंमधील लटकलेपणातच त्या मरणाची सारी अस्वस्थता आहे. चित्रात ओलेपणाला विभक्ती नसते. रंग पसरला की तो दोघांचाही होतो. लेसिंगची सीमारेषा अशा ठिकाणी पक्की वाटू लागते. तरीही मला असे वाटते की चित्र काढावे लागले नसते तर त्या विशेषणाकडे वर्गाचे लक्ष गेले नसते. चित्र जेथे अडले तेथेच कविता हाती लागली. वाङ्मयाचे माध्यम शब्द नसून भावनात्मक अर्थ आहेत आणि त्यांची रचना संवाद, विरोध, समतोल या लयतत्त्वांनी होते, ही मर्ढेकरांची मांडणी वर्गात नुसती पाठ होते. त्या दिवशी विरोधलय म्हणजे काय, हे एका प्रत्ययाच्या आधाराने दाखविता आले.

अशा कामाचे गुण कसे द्यावेत, हा प्रश्न मला अजून नीट सुटलेला नाही. रेखाटनाच्या कौशल्याला गुण देऊ नयेत, हे उघड आहे. प्रत्येक निवडीसाठी संहितेतील जागा दाखवावी, एवढी अट मी घालतो. तिनेही सारे भागत नाही. मर्ढेकरांच्या कवितेवर एका विद्यार्थ्याने उंदीर मुळीच न काढता पीप आणि त्याशेजारी काही राखाडी आकार काढले होते, आणि ओलीचा निळसर हात त्याने वेगळ्या पारदर्शक कागदावर दिला होता. तो कागद पिपावरून आकारांवर आणि आकारांवरून पुन्हा पिपावर सरकवता येत असे. सत्राच्या शेवटी फाइल बांधताना हा सुटा कागद नेमका कोठे चिकटवायचा, अशी विचारणा झाली. तो अजून चिकटवलेला नाही.