१९७० मध्येच कळलं होतं का? पालथ्या झोपेवरचा एक रिव्ह्यू वाचताना

मागच्या महिन्यात मावसबहिणीच्या बाळाला बघायला गेले होते. मावशीने हौसेने मोहरीची उशी शिवून ठेवलेली, आणि डॉक्टरांनी बजावलेलं की वर्षभर उशी नको, मऊ गादी नको, बाळाला उताणंच झोपवा. मावशी माझ्याकडे वळून म्हणाली, "अगं, तू एवढी पीएचडी करतेस, मग सांग, हे असं दर थोड्या वर्षांनी बदलतं कसं?"

तिला नीट उत्तर देता आलं नाही, पण एक पेपर आठवला. रुथ गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांचा, २००५ चा, 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ एपिडेमिऑलॉजी'मधला. सिस्टिमॅटिक रिव्ह्यू शिकायचा असेल तर हा जरूर वाचा. पण वाचताना हातात पेन्सिल असू द्या.

विषय सिड्सचा. म्हणजे वर्षाच्या आतलं, निरोगी दिसणारं बाळ झोपेत अचानक दगावतं आणि शवविच्छेदनातही कारण सापडत नाही. या पेपरात दोन कामं शेजारी शेजारी ठेवली आहेत. एकीकडे झोपण्याची स्थिती आणि सिड्स यांवरचे अभ्यास कालक्रमाने एकत्र केलेत. दुसरीकडे १९४० ते २००२ या काळात पुस्तकं आईबापांना काय सांगत होती ते तपासलंय. जवळपास अर्धं शतक 'पालथं झोपवा' हा सल्ला चालला. डॉ. स्पॉक यांचं घराघरातलं पुस्तकही १९५० च्या दशकात तेच सांगू लागलं होतं. कारण काय, तर उताण्या बाळाला उलटी झाली तर ते गुदमरेल. ऐकायला अगदी पटतं. प्रत्यक्षात उताणं असताना श्वासनलिका अन्ननलिकेच्या वरच्या बाजूला येते, त्यामुळे वर आलेलं दूध तिच्यात सहज उतरत नाही.

पेपरचा निष्कर्ष जबर आहे: पालथं झोपवणं घातक असण्याची शक्यता दाखवणारा पुरावा १९७० पासून हाताशी होता. तेव्हाच रिव्ह्यू झाला असता तर ब्रिटनमध्ये १०,००० हून जास्त, आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलेशिया मिळून किमान ५०,००० बाळं कदाचित वाचली असती.

इथे थांबायचं आणि आकडे बघायचे. १९७० पर्यंतचा एकत्रित ऑड्स रेशो २.९३, कॉन्फिडन्स इंटरव्हल १.१५ ते ७.४७. १९८६ पर्यंत, पाच अभ्यासांवरून, ३.००, इंटरव्हल १.६९ ते ५.३१. (सवय म्हणून करून बघा: १.१५ गुणिले ७.४७, मग वर्गमूळ. २.९३ येतं. छापलेले आकडे आपसात जुळतात का, हे बघायला एक मिनिट लागतं.) पहिल्या वाचनात मला वाटलं, वा, सोळा वर्षांत अंदाज हललाच नाही, फक्त इंटरव्हल अरुंद झाला! मग नीट पाहिलं. १९७० ची तुलना पालथं विरुद्ध उताणं अशी आहे, आणि १९८६ ची पालथं विरुद्ध बाकी सगळ्या स्थिती. तुलनेचा गटच बदललाय. ते एकाच रेषेवरचे दोन बिंदू नाहीत.

माझा दुसरा आक्षेप १९७० या सालावर आहे. 'सिड्स' हे नाव आणि त्याची व्याख्याच १९६९ च्या सिएटल परिषदेतून आली. 'मेटा-अ‍ॅनालिसिस' हा शब्द ग्लास यांनी १९७६ मध्ये वापरला. म्हणजे १९७० मध्ये अशा एकत्रित गणिताला आजचं नावही मिळालेलं नव्हतं. शिवाय १.१५ ही खालची मर्यादा १ च्या किती जवळ आहे! एवढ्यावर देशभरचा सल्ला फिरवा, असं तुम्ही तेव्हाच्या समितीत बसून म्हणाला असतात? मी नसते म्हणाले. १९८६ नंतर मात्र म्हणाले असते.

आणि ते ५०,०००? हा आकडा मान्य करायचा तर सल्ला लगेच निघाला असता आणि लोकांनी तो पाळला असता, असं धरावं लागतं. ब्रिटनमध्ये १९९१ च्या मोहिमेनंतर मृत्यू झपाट्याने घटले हे खरं. पण त्या मोहिमेत झोपेच्या स्थितीबरोबर अति पांघरूण आणि सिगारेट यांबद्दलही सांगितलं होतं. लेखकांनी 'कदाचित' लिहिलंय. हा आकडा पुढे सांगणारे बहुतेक जण ते गाळतात.

तरीही हा पेपर मला आवडतो, आणि त्याचं कारण खरं तर त्याच्या दुसऱ्या भागात आहे. अपुऱ्या दिवसांच्या, श्वासाचा त्रास असलेल्या बाळांना पालथं ठेवल्याने फायदा होतो, हे अतिदक्षता विभागात दिसलं. मग तीच पद्धत घरच्या धडधाकट बाळांनाही लागू झाली. ती त्यांच्यावर आधी तपासा, असं म्हणण्याची कुणाला गरज वाटली नाही. उलट सल्ला बदलायची वेळ आली तेव्हा मात्र भक्कम पुरावा हवा होता. लेखकांनी १९७० या सालापेक्षा या दुटप्पीपणावर जास्त भर द्यायला हवा होता, असं मला वाटतं.

माझ्या प्रकरणात मी लिहिलं होतं, "धोका १९७० मध्ये ज्ञात होता." आमच्या गाईडनी 'ज्ञात होता' खोडून समासात लिहिलं, "कुणाला?" आता तिथे असं वाक्य आहे: "धोक्याचा संकेत प्रकाशित अभ्यासांमध्ये होता, तो एकत्र करून कुणी पाहिला नव्हता."