पाळण्यातले पाय

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपल्याकडे म्हणतात. पण हे वाक्य मूल मोठे होऊन त्याने नाव काढल्यावरच उच्चारले जाते, इकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. पाळण्यात सगळ्यांचेच पाय सारखे असतात. ज्याने पुढे काही करून दाखविले त्याच्या पायांचे वर्णन सुरू होते. ज्याने काही केले नाही त्याचा पाळणा माळ्यावर जातो.

अमेरिकन फुटबॉलमध्ये या एका म्हणीवर एक अख्खा टीकाप्रकार उभा राहिला आहे. एखाद्या संघाने अमुक साली कोणते खेळाडू निवडले, कोणते हातचे घालविले, त्या निवडीला आज किती गुण द्यावेत, याची चर्चा तेथे दरसाल नव्या हुरुपाने होते. चर्चा रंजक असते, आणि टीकाकाराला एक मोठी सोय असते : उत्तरपत्रिका त्याच्या हातात असते आणि प्रश्न विचारायचे असतात त्या बापड्यांना, ज्यांनी ती पाहिलेलीच नव्हती. या टीकाप्रकाराविषयी मला जे म्हणावयाचे आहे ते पिट्सबर्ग स्टीलर्स या एकाच संघाच्या आधाराने म्हणतो. फार मोठी चूक आणि फार मोठे यश, दोन्ही या संघाच्या दप्तरात शेजारी शेजारी सापडतात.

हे फुटबॉल आपल्या ओळखीचे नव्हे. यात चेंडू हातात घेऊन धावतात, फेकतात, आणि वाटेत येणाऱ्याला अंगावर घेऊन पाडतात. महाविद्यालयांतून तयार होणारे खेळाडू व्यावसायिक संघांनी ज्या पद्धतीने वाटून घ्यावयाचे, तिला ड्राफ्ट म्हणतात. आपल्याकडच्या क्रिकेटच्या लिलावात पैसा बोलतो. येथे पाळी बोलते. गेल्या वर्षी जो संघ सर्वांत दुबळा ठरला त्याने आधी उचलावे, विजेत्याने शेवटी. ही कल्पना फिलाडेल्फिया संघाचे मालक बर्ट बेल यांनी १९३५ साली मांडली आणि फेब्रुवारी १९३६ मध्ये पहिला ड्राफ्ट झाला. त्यात अगदी पहिल्या क्रमांकावर निवडलेला जे बर्वांगर पुढे या लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. पद्धतीचा जन्मच असा अपशकुनाने झाला! आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. निवडणाऱ्याला येथे निवड असते. निवडल्या जाणाऱ्याला नसते. कोणत्या गावी जावयाचे, कोणाच्या हाताखाली खेळावयाचे, हे त्याला दुसरेच कोणी सांगते.

आर्ट रूनी यांनी पिट्सबर्गचा संघ १९३३ साली काढला. त्यानंतर १९७१ सालापर्यंत या संघाने अंतिम फेऱ्यांतला एकही सामना जिंकला नाही. सुमारे चाळीस वर्षांचे हे अपयश निवडीतल्या आंधळेपणामुळे आले, असा सर्वसाधारण समज आहे. पुराव्यासाठी जॉनी युनायटस याचे नाव पुढे केले जाते. हा पिट्सबर्गचाच मुलगा. १९५८ च्या अंतिम सामन्यात बाल्टिमोरला न्यूयॉर्कवर २३-१७ असा विजय मिळवून देणारा आणि आपल्या पिढीतला सर्वश्रेष्ठ क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून सारी चढाई चालविणारा खेळाडू, म्हणून गाजलेला. असा हिरा पिट्सबर्गने गमावला!

पण यादी नीट पाहिली की काय दिसते? पिट्सबर्गने युनायटसला निवडले होते. १९५५ च्या ड्राफ्टमध्ये, नवव्या फेरीत, १०२ व्या क्रमांकावर. दुसऱ्या कोणत्याही संघाने तोवर त्याला उचलले नव्हते. म्हणजे पारख झाली होती. पण त्याला खेळवून पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही, आणि मोसम सुरू होण्यापूर्वीच त्याला घरी पाठविण्यात आले. त्या वर्षी हा गडी गावातल्या ब्लूमफील्ड रॅम्स नावाच्या संघातून एका सामन्याला सहा डॉलर घेऊन खेळत होता. पुढच्या वर्षी बाल्टिमोरने त्याला बोलावले.

१९५७ चे उदाहरणही असेच. त्या साली पाचव्या क्रमांकावर पिट्सबर्गने लेन डॉसन या क्वार्टरबॅकला निवडले, आणि लगेच सहाव्या क्रमांकावर क्लीव्हलंडने जिम ब्राऊन नेला. ब्राऊनसारखा धावपटू या खेळाने क्वचितच पाहिला. म्हणून टीकाकार येथे लाल शाईची रेघ ओढतात. पण डॉसन तरी लेचापेचा होता काय? त्याने जानेवारी १९७० मध्ये कॅन्सस सिटीला सुपर बोल, म्हणजे लीगचे अजिंक्यपद, मिळवून दिले. पिट्सबर्गने मात्र त्याला तीन वर्षे जवळजवळ बाकावरच बसविले आणि मग देऊन टाकले. बी निवडीचे होते. ते मातीत घालावयाचे राहून गेले आणि कणगीतच किडले. असे असता दोष बियाण्याच्या पारखीला देणे हा मला अन्याय वाटतो. निवड ही एका दिवसाची क्रिया आहे, ही या टीकेची पहिली गैरसमजूत.

दुसरी गैरसमजूत यशाविषयीची आहे. १९६९ साली चक नोल हे पिट्सबर्गचे प्रशिक्षक झाले. त्यांची पहिली निवड जो ग्रीन. हा कोण, असा प्रश्न गावच्या वृत्तपत्राने मथळ्यातच विचारला. त्या मोसमात संघाने पहिला सामना जिंकला आणि उरलेले तेरा हरले. वर्षअखेर गुण द्यावयाचे ठरले असते, तर नोल आणि ग्रीन दोघेही नापासच झाले असते. पुढे ब्रॅडशॉ, ब्लाउंट, हॅम, हॅरिस असे एकेक येत गेले, आणि १९७४ साली ती निवड झाली जिचे वर्णन करताना अमेरिकन लेखकांची लेखणी थांबत नाही. पहिल्या फेरीत लिन स्वॉन, दुसरीत जॅक लॅम्बर्ट, चौथीत जॉन स्टॉलवर्थ, पाचवीत माइक वेबस्टर. हे चौघेही यथाकाल या खेळाच्या कीर्तिमंदिरात, 'हॉल ऑफ फेम'मध्ये जाऊन बसले. एका संघाने एकाच वर्षी निवडलेल्यांपैकी चौघांना हा मान मिळाल्याचे दुसरे उदाहरण नाही. त्यांच्या बळावर पिट्सबर्गने सहा मोसमांत चार सुपर बोल जिंकले.

याला दिव्यदृष्टी म्हणतात. मला त्यात दृष्टीपेक्षा पायपीट अधिक दिसते. बिल नन हे 'पिट्सबर्ग कुरिअर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचे क्रीडासंपादक होते. कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांतील उत्तम खेळाडूंचा संघ ते १९५० पासून दरवर्षी आपल्या पत्रात जाहीर करीत असत. स्वतःच्याच गावचा स्टीलर्स संघ मात्र त्या यादीकडे ढुंकूनही पाहत नसे, आणि नन यांना त्याचा राग होता. रूनी यांचे चिरंजीव डॅन यांनी हा राग ऐकून घेतला आणि १९६७ च्या सुमारास नन यांनाच पारखी म्हणून कामावर घेतले. ज्या लीगने १९३४ पासून १९४५ पर्यंत एकही कृष्णवर्णीय खेळाडू घेतला नाही, तिच्यात ही गोष्ट साधी नव्हती. ज्या गावांना इतर संघांचे पारखी क्वचितच जात, तेथे नन यांची बैठक होती. ग्रीनवुड आला तो आर्कान्सामधल्या अशाच एका महाविद्यालयातून, दहाव्या फेरीत. ब्लाउंट लुइझियानामधून, तिसऱ्या फेरीत.

स्टॉलवर्थही अलाबामातल्या अशाच एका महाविद्यालयाचा. सांगतात ते असे : पारखी मंडळी त्याची धाव मोजावयास गेली तेव्हा जमीन ओली होती, वेळ वाईट आली, आणि सारे निघून गेले. नन प्रकृतीचे निमित्त करून मागे राहिले आणि दुसऱ्या दिवशी कोरड्या जमिनीवर त्यांनी त्याला पुन्हा धावावयास लावले. या हकीकतीला नंतर थोडे मीठमसाल्याचे बोट लागले असेल. पण तिचा अर्थ चोख आहे. इतरांनी एकदा पाहिले, नन यांनी दोनदा पाहिले. नोल यांना तर हा मुलगा पहिल्याच फेरीत हवा होता. तो पुढेही मिळेल, आधी स्वॉन घ्या, असे पारख्यांनी त्यांना समजाविले. तिसऱ्या फेरीतली पाळी पिट्सबर्गने आधीच देऊन टाकलेली होती, म्हणून चौथ्या फेरीपर्यंत सर्वांनी श्वास रोखून धरला असणार. मध्येच कोणा संघाने स्टॉलवर्थ उचलला असता, तर तीच पारख, तेच श्रम, आणि तरी यादीत एक नाव कमी. मग आपण त्यांना कमी गुण देणार काय?

त्याच साली डॉनी शेल हा साउथ कॅरोलायनातला मुलगा सतराही फेऱ्यांत कोणीच निवडला नाही. सव्वीस संघांच्या चारशेंवर निवडींत त्याला जागा नव्हती. नन यांच्या सांगण्यावरून तो पिट्सबर्गच्या शिबिरात आला. त्या उन्हाळ्यात लीगमधल्या जुन्या खेळाडूंनी संप केला होता, म्हणून शिबिराचे मैदान नवख्यांना मोकळे मिळाले. शेल टिकला, चौदा मोसम खेळला, आणि २०२० च्या मानकऱ्यांत त्याचेही नाव लागले. पुढच्याच वर्षीच्या मानकऱ्यांत खुद्द नन यांचे, त्यांच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी. जो निवडलाच गेला नाही तोच निवडीचा सर्वांत बोलका पुरावा ठरावा, यापेक्षा गुणपत्रकाची अधिक थट्टा ती कोणती?

आता १९८३. पिट्सबर्ग विद्यापीठाचा, पिट्सबर्गमध्येच वाढलेला क्वार्टरबॅक डॅन मरीनो पाळी येईपर्यंत शिल्लक होता. ब्रॅडशॉ थकला होता, त्याचे कोपर दुखावले होते. तरीही एकविसाव्या क्रमांकावर पिट्सबर्गने टेक्ससचा बचावपटू गॅब्रिएल रिव्हेरा निवडला. मरीनो सत्ताविसाव्या क्रमांकावर मायामीला गेला आणि पुढच्याच वर्षी ५,०८४ यार्ड चेंडू फेकून त्याने सारे उच्चांक मोडले. रिव्हेरा सहा सामने खेळला. ऑक्टोबरमध्ये मद्याच्या अमलाखाली मोटार चालविताना त्याला अपघात झाला आणि तो कायमचा चाकाच्या खुर्चीत बसला. २०१८ साली तो वारला.

टीकाकार ही दोन चित्रे शेजारी शेजारी टांगतात आणि निकाल देतात. मला ही मांडणी क्रूर वाटते. रिव्हेराचा अपघात हा निवडीवरचा अभिप्राय नव्हे. तो अपघात आहे. पण म्हणून १९८३ ची निवड निर्दोष ठरते, असेही नाही. तिचा दोष निराळा आणि अधिक शिकण्याजोगा आहे. १९६९ मध्ये ग्रीनपासून आरंभ करून, म्हणजे बचावाच्या पायावर, संघ उभा राहिला होता. तसाच तो पुन्हा उभारावा, या विचाराने तोच ठोकळा पुन्हा मांडला गेला. एके काळी ज्यांनी इतरांना न दिसलेले पाहिले, त्यांनी आता स्वतःचे जुने यश पाहिले. समोर, हाकेच्या अंतरावर उभा असलेला मुलगा त्यांना दिसला नाही. यशस्वी माणसाला पूर्वस्मृतीपासून जेवढा धोका असतो तेवढा प्रतिस्पर्ध्यापासून नसतो.

शेवटी वेबस्टर. पाचव्या फेरीतला, १२५ वा. सेंटरच्या जागेवर खेळणारा. प्रत्येक चालीच्या आरंभी चेंडू मागे द्यावयाचा आणि त्याच क्षणी समोरच्यावर डोके घालावयाचे, हे त्याचे काम. त्याने ते सतरा मोसम केले, त्यांतले पंधरा पिट्सबर्गसाठी. स्वस्तात मिळालेला मौल्यवान खेळाडू, असे त्याच्या नावापुढे हमखास लिहिलेले असते. निवृत्तीनंतर त्याची स्मरणशक्ती गेली, संसार मोडला, पैसा उरला नाही. कित्येक रात्री त्याने स्वतःच्या गाडीत झोपून काढल्या. सप्टेंबर २००२ मध्ये तो पन्नासाव्या वर्षी मेला. डॉ. बेनेट ओमालू यांनी पिट्सबर्गमध्येच त्याचा मेंदू तपासला, आणि वारंवार बसलेल्या आघातांनी होणारा मेंदूचा विकार त्यांना आढळला. तो निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाला. या खेळातल्या व्यावसायिक खेळाडूत हा विकार सापडल्याची ती पहिली नोंद.

आता या १२५ व्या निवडीला किती गुण द्यावयाचे? संघाच्या बाजूने पाहिले तर पैकीच्या पैकी. वेबस्टरच्या बाजूने पाहण्याची सोय गुणपत्रकात नाही, कारण निवड त्याने केलेलीच नव्हती. मागे वळून पाहण्याला माझा विरोध नाही; टीका म्हणजे तरी दुसरे काय? पण वळावयाचेच तर मान पुरती वळवावी. कोण पुढे मोठा झाला, एवढे विचारून भागणार नाही. निवडणारे कोठवर चालत गेले, काय दोनदा पाहिले, निवडलेल्याला मैदान दिले की बाक दिला, आणि त्याचा उपयोग संपल्यावर त्याची चौकशी कोणी केली, हे प्रश्न विचारावे लागतील. त्या प्रश्नांच्या कसोटीला १९५५ ची यादी समजते तितकी आंधळी ठरत नाही, आणि १९७४ ची सोन्याची यादी चार चषकांपाशी संपत नाही. तिची शेवटची ओळ २००२ साली लिहिली गेली, आणि ती अजून बहुतेक गुणपत्रकांत छापलेली नसते.